‘जासू’ अशुद्ध नव्हे : भविष्यकाळाचा इतिहास, स्पेनपासून साक्रीपर्यंत

१/ थ्रेड. सातव्या शतकात फ्रँक लोकांच्या राज्यात एक बखर लिहिली गेली. पुढे ती ‘फ्रेदेगारची बखर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तीत एक गोष्ट येते. रोमन सम्राट जस्टिनियन पराभूत इराणी राजाला प्रांत परत मागतो. राजा उत्तरतो, ‘देणार नाही.’ सम्राट एकाच शब्दात सुनावतो, ‘दारास’, म्हणजे ‘देशील!’ आणि म्हणून, बखरकार सांगतो, त्या ठिकाणी वसलेल्या शहराचे नाव दारास पडले.

२/ शहराच्या नावाची ही व्युत्पत्ती लोककथाच होय. आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागातील ते शहर जस्टिनियनच्या आधी, सम्राट अनास्तासियसच्या काळातच उभे राहिले होते. परंतु भाषेच्या इतिहासकारांना या गोष्टीतला खजिना निराळाच दिसतो. इराणी राजाचा नकार जुन्या, शुद्ध लॅटिन भविष्यकाळात आहे, तर सम्राटाचा हुकूम बाजारातल्या, अशुद्ध मानल्या गेलेल्या लॅटिनमध्ये आहे.

३/ ‘दारास’ हे रूप शुद्ध लॅटिन व्याकरणात कुठेही सापडत नाही. ते दोन शब्दांच्या जोडणीतून झाले : ‘दारे’ म्हणजे देणे आणि ‘हाबेस’ म्हणजे तुझ्याकडे आहे. मराठीत त्याची छाया ‘तुला देणे आहे’ अशी होईल. कर्तव्य सांगणारी ही रचना बोलता बोलता आकसली आणि भविष्यकाळ बनली. आजच्या स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन आणि पोर्तुगीज भविष्यकाळाचा हा सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक मानला जातो.

४/ जुना भविष्यकाळ का मोडला? उच्चार बदलल्यामुळे. लॅटिनमध्ये ‘आमाबित’ म्हणजे ‘प्रेम करील’ आणि ‘आमाविट’ म्हणजे ‘प्रेम केले’. कालांतराने मधला ब आणि व यांचे उच्चार एकमेकांजवळ आले. करील आणि केले यांतला फरक कानाला कळेनासा झाला, तेव्हा लोकांनी व्याकरणकारांना न विचारता हाताशी असलेल्या साहित्यातून नवे रूप घडवले.

५/ आज स्पॅनिश शिकणाऱ्या विद्यार्थ्याला भविष्यकाळ सर्वांत सोपा वाटतो, तो याच जोडणीमुळे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. मूळ क्रियापद अखंड ठेवून त्याला सहा प्रत्यय लावायचे :

मी – आब्लारे
तू – आब्लारास
तो/ती – आब्लारा
आम्ही – आब्लारेमोस
तुम्ही – आब्लारेइस
ते – आब्लारान

६/ आता ‘आबेर’ या सहायक क्रियापदाचा वर्तमानकाळ पाहावा : ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. पाचव्या रूपाचा पहिला भाग गळून ‘एइस’ उरले, बाकी सर्व जसेच्या तसे. म्हणजे ‘आब्लारे’ हे ‘बोलणे + आहे मला’ असे जोडकाम आहे. स्पॅनिशमध्ये क्रियापदांचे तीन गण आहेत, पण भविष्यकाळाचे प्रत्यय तिन्ही गणांना तेच : कोमेर (खाणे) – कोमेरे, बिबिर (जगणे) – बिबिरे. अनियमित क्रियापदांतही केवळ मूळ अंग बदलते, प्रत्यय बदलत नाहीत.

७/ हे सांधे मध्ययुगापर्यंत उघडे दिसत असत. जुन्या स्पॅनिशमध्ये ‘बोलणे’ आणि ‘आहे’ यांच्या मधोमध ‘तुला’, ‘त्याला’ असे सर्वनाम घालता येई. पोर्तुगीज भाषेच्या औपचारिक लेखनात ही रीत आजही टिकून आहे : ‘फालार-ते-एइ’, म्हणजे ‘तुझ्याशी बोलेन’. भविष्यकाळाचे एकसंध दिसणारे रूप मधोमध उघडते आणि सर्वनामाला जागा देते.

८/ आंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ मध्ये कास्तीली भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. युरोपातील चालत्या बोलीचे हे पहिले मोठे छापील व्याकरण होय. आपल्या भाषेचा भविष्यकाळ लॅटिनसारखा नसून क्रियापद आणि ‘आबेर’ यांच्या जोडणीतून झाला आहे, हे त्याने ओळखले होते. ज्या रूपाला लॅटिन पंडितांनी भ्रष्ट म्हटले असते, ते रूप त्याच्या व्याकरणात नियम म्हणून बसले. त्यानंतर ‘आब्लारे’ला कोणी अशुद्ध म्हटले नाही.

९/ हीच युरोपीय व्याकरणपरंपरा पुढे गोव्यात उतरली. इंग्लंडहून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात पोहोचले. मराठी वाचक त्यांना ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ओळखतात. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. आपल्याकडच्या क्रियापदांची रूपे काळानुसार छापील पुस्तकात मांडण्याची सुरुवात अशी एका पोर्तुगीज वसाहतीत झाली.

१०/ आता मराठीकडे वळू. ‘करणे’चा प्रमाण भविष्यकाळ प्रत्येकाला पाठ आहे :

मी – करीन
तू – करशील
तो – करील
आम्ही – करू
तुम्ही – कराल
ते – करतील

हाही जोडकामच आहे, हे मात्र शाळेत सहसा सांगितले जात नाही.

११/ जुन्या मराठीत वर्तमानकाळ असा होता : तू करिसी, तो करी, तुम्ही करा, ते करिती. त्याच्यापुढे ‘ल’ लावला की करशील, करील, कराल, करतील ही रूपे तयार होतात. हा ‘ल’ नेमका कोठून आला, यावर भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण घडण स्पष्ट आहे : वर्तमानकाळाला शेपूट जोडून भविष्यकाळ घडवला गेला. हिंदीनेही तेच केले. ‘करे’ या जुन्या वर्तमानाला ‘गा’ जोडला. तो संस्कृत ‘गत’, म्हणजे ‘गेलेला’, या शब्दापासून आला असे मानतात. म्हणूनच हिंदीत ‘करेगा’ आणि ‘करेगी’ असा लिंगभेद होतो.

१२/ मग संस्कृतचा ‘करिष्यामि’ कुठे गेला? तो ‘ष्य’ प्राकृतात ‘स्स’ झाला. महाराष्ट्री प्राकृतात ‘करिस्सं’ अशी रूपे होती. गुजरातीत तो ‘करीश’, ‘करशे’ या रूपांत आजही जिवंत आहे, आणि राजस्थानच्या काही बोलींतही. प्रमाण मराठीने मात्र तो टाकला. ‘करशील’ मधला ‘श’ पाहून उत्साही वाचकाने फसू नये. तो भविष्यकाळाचा ‘ष्य’ नव्हे, ‘तू’साठी लागणाऱ्या जुन्या ‘सि’ प्रत्ययाचा अवशेष आहे.

१३/ येथे साक्रीचा प्रवेश होतो. धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेचा हा तालुका. पूर्वेला धुळे, दक्षिणेला बागलाण, पश्चिमेला डोंगर ओलांडला की गुजरातचा डांग. कान आणि पांझरा या नद्यांच्या या खोऱ्यात बाजारात, शेतात आणि स्वयंपाकघरात अहिराणी बोलली जाते. पिंपळनेरच्या पुढे डोंगराळ भागात भिल्ल, मावची आणि कोकणा समाजांच्या बोली सुरू होतात.

१४/ अहिराणीत ‘करणे’चा भविष्यकाळ साधारणपणे असा चालतो (गावोगावी थोडा फरक असतो) :

मी – करसू
तू – करशी
तो – करी
आम्ही – करसूत
तुम्ही – करशात
त्या – करतीन

‘जाणे’ घेतले तर : जासू, जाशी, जाई, जासूत, जाशात, जातीन. सहा पुरुष-वचने, सहा रूपे. नियम एकदा कळला की कोणतेही नियमित क्रियापद त्यात बसते. ‘आब्लारे’च्या तक्त्याइतकाच हा तक्ता काटेकोर आहे.

१५/ या तक्त्यात दोन ऐतिहासिक थर एकत्र नांदतात. ‘करसू’ मधला ‘स’ गुजराती-राजस्थानी भविष्यकाळाच्या कुळातला आहे. संस्कृत ‘ष्य’, प्राकृत ‘स्स’ अशी त्याची वाट. आणि ‘करी’ हे रूप दिसायला थेट जुन्या मराठी वर्तमानकाळासारखे आहे, ‘ल’चे शेपूट न लागलेले.

१६/ ‘तो करी’ या दोन शब्दांकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबून पाहावे. यादवकालीन मराठीत त्याचा अर्थ ‘तो करतो’. आजच्या ग्रांथिक मराठीत त्याचा अर्थ ‘तो करत असे’. आणि साक्रीच्या बाजारात त्याचा अर्थ ‘तो करील’. एकच रूप, आणि वर्तमान, भूत, भविष्य हे तिन्ही काळ. ‘देव तारी त्याला कोण मारी’ या म्हणीत तो जुना वर्तमानकाळ आजही गोठून राहिला आहे. तिथे ‘तारी’ म्हणजे तारतो, ‘तारत असे’ नव्हे.

१७/ जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. खानदेशीला मात्र त्या खंडात स्थान मिळाले नाही. १९०७ मध्ये निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल बोलींसोबत, तिचे वर्णन आले. गुजरातीशी असलेले तिचे नाते त्यात ठळकपणे मांडले गेले. हे वर्गीकरण अंतिम मानण्याचे कारण नाही, पण त्यातून एक गोष्ट उघड होते : या बोलीला स्वतःचे व्याकरण आहे, हे शंभर वर्षांपूर्वीच लेखी नोंदले गेले.

१८/ राजकीय इतिहासही याला साक्ष देतो. १३८२ ते १६०१ या काळात खानदेशावर फारुकी घराण्याची स्वतंत्र सत्ता होती, पुढे बऱ्हाणपूर ही तिची राजधानी झाली. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. सुरत ते बऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता नवापूर-नंदुरबारवरून याच मुलखातून जाई. शतकानुशतके ज्या प्रदेशाची पाठ डोंगराला आणि तोंड गुजरात-माळव्याकडे होते, त्याचा भविष्यकाळ पुण्यासारखाच असावा ही अपेक्षाच इतिहासाला सोडून आहे.

१९/ प्रमाण मराठीचा भविष्यकाळ तरी प्रमाण कसा ठरला? मोल्सवर्थचा शब्दकोश १८३१ मध्ये आला, दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये. शाळाखात्याची क्रमिक पुस्तके, छापखाने आणि वृत्तपत्रे मुंबई-पुण्यात होती. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये निघाले तोवर ‘करीन, करशील, करील’ हा तक्ता स्थिरावला होता. ‘जासू’ चुकीचे आहे असे कोणी सिद्ध केले नव्हते. ‘जाईन’ छापखान्याजवळ होते, इतकेच.

२०/ तरीही आज खानदेशात लहान मूल वर्गात ‘मी घर जासू’ म्हणाले की, ‘जासू नाही, जाईन म्हण’ अशी दुरुस्ती होते. दुरुस्तीत वाईट काही नाही. प्रमाण भाषा यायलाच हवी. नोकरी, न्यायालय, परीक्षा तिच्यातच चालतात. वाईट आहे तो तिच्यामागचा समज, की मुलाने घरून आणले ते मोडके मराठी आहे. मोडके नव्हे, ते निराळे आहे. स्पॅनिश शिकवणारा शिक्षक ‘आब्लारे’ला मोडके लॅटिन म्हणत नाही.

२१/ काही जण म्हणतील, बोलींना असे महत्त्व दिले तर मराठीचे तुकडे होतील. हा आक्षेप गंभीर आहे, कारण भाषेच्या आधारावरच १९६० मध्ये हे राज्य उभे राहिले. पण तुकडे नोंदीने होत नाहीत, तुच्छतेने होतात. ज्या मुलाला आपली आजी अशुद्ध बोलते असे शिकवले जाते, ते मूल आजीची बोली सोडते आणि प्रमाण मराठीवरही प्रेम करायला शिकत नाही. संधी मिळताच ते तिसऱ्याच भाषेकडे वळते.

२२/ आणखी एक विसंगती पाहावी. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दाव्यात महाराष्ट्री प्राकृताचा आणि ‘गाथासप्तशती’चा मोठा आधार होता. त्याच प्राकृतातला सकारी भविष्यकाळ प्रमाण मराठीने गमावला, आणि त्याचे आप्त रूप महाराष्ट्रात आज साक्री, शिरपूर, अमळनेरच्या घरांत ऐकू येते. प्राचीनतेचा अभिमान दिल्लीत मिरवायचा आणि त्याच प्राचीनतेशी नाते सांगणारे जिवंत रूप वर्गात खोडायचे, हे एकत्र बसत नाही.

२३/ २०११ च्या जनगणनेत खानदेशी भाषकांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार नोंदली गेली. जनगणनेच्या भाषासूचीत खानदेशी मराठीखाली न येता स्वतंत्र येते. म्हणजे सरकारच्या एका कागदावर ती वेगळी भाषा आहे आणि दुसऱ्या कागदावर, उत्तरपत्रिकेवर, ती चूक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेत किंवा घरच्या भाषेत शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. साक्रीतल्या मुलाची घरची भाषा कोणती, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही.

२४/ उपाय मोठा खर्चिक नाही. खानदेशातल्या वर्गात फळ्यावर दोन तक्ते शेजारी शेजारी काढावेत : करीन–करसू, करशील–करशी, करील–करी. मुलाने एकाचे दुसऱ्यात रूपांतर करावे. दोन तक्त्यांतला फरक ज्याला दिसतो, त्याला व्याकरण म्हणजे काय हे कळते. त्याला पुढे संस्कृत, गुजराती किंवा स्पॅनिशही सोपी जाते. चूक म्हणून खोडलेल्या रूपातून मात्र काहीच शिकता येत नाही.

२५/ या कामासाठी खानदेशाला प्रेरणा बाहेरून आणण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच झाले. त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभे राहिले. मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करणाऱ्या या माणसाने १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीतील मराठीचे स्वतंत्र व्याकरण लिहिले आणि मराठी धातूंचा कोश करण्याचे काम हाती घेतले. कागदपत्रांइतकीच क्रियापदांची रूपेही इतिहासाची साधने आहेत, ही दृष्टी त्यांच्या कामात स्पष्ट दिसते.

२६/ भाषा भविष्यकाळ कधीच एकदा घडवून थांबत नाही. आज स्पेन आणि विशेषतः लॅटिन अमेरिकेत बोलताना ‘आब्लारे’ मागे पडून ‘बोय आ आब्लार’, म्हणजे ‘बोलायला जातो आहे’, हे रूप पुढे आले आहे. ‘एस्तारा एन कासा’ हे भविष्यकाळातले वाक्य ‘घरी असेल’ असा अंदाजही सांगते, अगदी मराठीसारखाच. गोव्याच्या कोकणीत ‘करीन’च्या शेजारी ‘करतलों’ उभा आहे, स्त्रीच्या तोंडी ‘करतलीं’.

२७/ आणि मराठीत ‘करीन’ची जागा रोजच्या बोलण्यात ‘करणार आहे’ घेत आहे. हे रूप नवे वाटते, पण त्याचा साचा पुरातन आहे. पाणिनीने संस्कृतचे दोन भविष्यकाळ सांगितले : एक ‘करिष्यामि’ आणि दुसरा, आज न घडणाऱ्या गोष्टीसाठी, ‘कर्तास्मि’. कर्ता अस्मि, म्हणजे ‘करणारा आहे मी’. अडीच हजार वर्षांनंतर मराठी माणूस ‘मी करणार आहे’ म्हणतो तेव्हा तो नकळत त्याच साच्यात नवे शब्द ओतत असतो.

२८/ तेव्हा शुद्ध भविष्यकाळ म्हणून काही नसते. असतो तो लोकांनी गरजेपोटी जोडलेला, झिजवलेला आणि पुन्हा जोडलेला भविष्यकाळ. ‘आब्लारे’ तसाच, ‘करीन’ तसाच, ‘करसू’ही तसाच. यांपैकी पहिल्या दोघांना व्याकरणकार मिळाले. तिसऱ्याची रूपे आजही बहुतांशी माणसांच्या जिभेवरच आहेत, आणि जिभेवरचा पुरावा त्या पिढीबरोबर संपतो.

२९/ खानदेशातील वाचकांनी एक छोटे काम करावे. घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीला करणे, जाणे, येणे, बोलणे, खाणे या पाच क्रियापदांची भविष्यकाळातली सहाही रूपे विचारावीत आणि गावाच्या नावासह लिहून ठेवावीत. साक्रीचे ‘जासूत’ शिरपुरात किंवा सटाण्यात कसे होते, हे अशा तीस नोंदी शेजारी ठेवल्या की दिसू लागेल. इतिहासाचे साधन दर वेळी दफ्तरखान्यातच सापडते असे नाही.

(समाप्त)